पॅनेल शॉपमधले पहिले सहा महिने

मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणजे जोड चांगला, असं नाही. ६ स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्सिबल वायरमध्ये ०.३ मिमी जाडीच्या ८४ बारीक तारा असतात. त्यातल्या वीसच लगमध्ये (वायरच्या टोकावर दाबायच्या धातूच्या टोपीत) धरल्या गेल्या असतील तरी बझर तितक्याच जोरात वाजतो, कारण मीटर त्या जोडातून अगदी थोडा करंट सोडतो. तोच जोड पंपाच्या स्टार्टरमध्ये ३० अँपिअर वाहायला लागला आणि तिथे नुसता ०.०१ ओहम रोध असला, तरी नऊ वॉट उष्णता तयार होते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त उष्णता, एका स्क्रूएवढ्या जागेत, बंद डब्यात, दिवसरात्र. आधी इन्सुलेशन तपकिरी होतं, मग कडक होऊन तडकतं, आणि शेवटी टर्मिनलचं प्लास्टिक वितळतं.

भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड-सातपूर अशा औद्योगिक वसाहतींमधल्या पॅनेल शॉपमध्ये, म्हणजे मोटरी वगैरे चालवणारी विजेची कपाटं (पॅनेल) जिथे बनतात तिथे, नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे काम मिळतं, ते नेमकं हेच: वायरची टोकं तयार करणं. बरेच जण याला हलकं काम समजतात. आमचं मत उलटं आहे. वायर चुकीच्या जागी लागली तर टेस्टिंगला पकडली जाते. टोक वाईट बनलं असेल तर ते बहुतेक वेळा पकडलं जात नाही. म्हणून या पहिल्या कामाबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

येणारे बहुतेक आयटीआयचे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन असतात. दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. अनेक जण १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवार म्हणून लागतात. आयटीआयमध्ये स्टार्टरची जोडणी शिकवलेली असते, पण ती लाकडी बोर्डावर, सुट्या वायरींनी. इथे तीच जोडणी दोन-अडीचशे नंबरी वायरींमधून, ड्रॉईंग बघून, दुसऱ्याला वाचता येईल अशी करायची असते. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवून यायचं. पायात सेफ्टी शूज. आणि टेस्टिंगच्या जागेभोवती लावलेल्या साखळीच्या आत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आता टोक. कंट्रोलला (बटणं, दिवे, कॉइल यांच्या सर्किटला) आपल्याकडे सहसा १.५ स्क्वेअर एमएमची वायर वापरतात, काही ठिकाणी एक किंवा ०.७५. वायर मापून कापताना चॅनलमधला (वायरी न्यायच्या झाकणाच्या पन्हळीतला) खरा रस्ता धरून मापायची, सरळ रेषेचं अंतर नाही, आणि दोन्ही टोकांना बोटभर जास्त ठेवायची. कापल्याबरोबर फेरूल ओवायचं. आपल्या शॉपमध्ये फेरूल म्हणजे नंबर छापलेली नळी. तारेवर दाबायची टोपी ती लग. लग मारल्यावर फेरूल आठवलं, तर लग कापून पुन्हा सगळं करावं लागतं आणि वायर सेंटीमीटरभर आखूड होते. असं दोनदा झालं की ती वायर फेकायचीच.

सोलायची लांबी लगवर ठरते. आठ मिमी नळीच्या पिन लगला साधारण दहा मिमी सोलायचं. उरलेले दोन मिमी प्लास्टिकच्या कॉलरमध्ये जातात. कमी सोललं तर इन्सुलेशनच नळीत शिरतं आणि क्रिम्पिंग (टूलने लग दाबणं) प्लास्टिकवर बसतं. हाताला घट्ट लागतं, पण तांबं धरलेलं नसतं. जास्त सोललं तर कॉलरच्या मागे उघडं तांबं दिसतं. ब्लेडने सोलू नका. ब्लेड इन्सुलेशनबरोबर बाहेरच्या तारांवर चीर पाडतं, आणि चीर पडलेली तार कंपनाने पुढे तुटते. स्ट्रिपरचं योग्य खाच वापरूनही एखादी तार तुटली, तर टोक कापून पुन्हा सोला. १.५च्या वायरमध्ये ०.२५ मिमीच्या तीसच तारा असतात. चार गेल्या की राहिल्या सव्वीस.

तारा हलक्या पिळून लगमध्ये घालायच्या. त्या नळीच्या पुढच्या तोंडाशी दिसल्या पाहिजेत, पण एखादा मिलिमीटरच. मग रॅचेटच्या क्रिम्पिंग टूलने दाबायचं, आणि टूल आपोआप सुटेपर्यंत मूठ सोडायची नाही. साध्या पकडीने दाबलेला लग चपटा होतो; बाहेरून दाबलेला दिसतो, आतून पोकळ राहतो. प्रत्येक लग हाताने ओढून बघायचा. १.५च्या जोडासाठी ४० न्यूटनची ओढ धरतात, म्हणजे चार किलोची पिशवी टांगल्यासारखी. एकदा चार किलो खरंच टांगून बघितलं की हाताला अंदाज बसतो.

कुठे कोणता लग, हे सुरुवातीला सगळ्यांचंच चुकतं. पिंजऱ्यासारख्या क्लॅम्पच्या टर्मिनलला पिन लग. स्क्रूच्या डोक्याखाली वायर दाबली जाते तिथे फोर्क किंवा रिंग. सीटीच्या (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरच्या) सेकंडरीला, म्हणजे मीटरकडच्या बाजूला, मात्र नेहमी २.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि रिंग लग. फोर्क लगचा स्क्रू थोडा ढिला झाला तर लग सरकून बाहेर येऊ शकतो, रिंग येत नाही. प्रायमरीतून, म्हणजे मुख्य बाजूतून, करंट वाहत असताना सीटीची सेकंडरी उघडी पडली, तर तिच्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढतं. माणसाला शॉक बसतो, सीटी जळते. त्यामुळे वापरात नसलेली सीटीही एस१–एस२ (सेकंडरीची दोन टोकं) शॉर्ट करूनच ठेवायची.

फेरूलचं तोंड एका दिशेला: आडव्या वायरवर डावीकडून उजवीकडे, उभ्या वायरवर खालून वर वाचता यायला हवं. ६ आणि ९ असलेले नंबर खाली रेघ किंवा टिंब छापूनच घ्या, नाहीतर ६६ कुठला आणि ९९ कुठला हे उलट्या पडलेल्या नळीवरून कळत नाही. नंबरामागचा नियम सोपा आहे. एकाच पोटेन्शियलवर असलेल्या सगळ्या टोकांना एकच नंबर. मध्ये काँटॅक्ट (मिटणारी-उघडणारी जोड), कॉइल किंवा फ्यूज आला की नंबर बदलतो. हा नियम कळला की ड्रॉईंगमधल्या चुकाही दिसायला लागतात.

वेळेचा हिशोब करून बघा. कापणं, ओवणं, सोलणं, दाबणं, बसवणं धरून सवयीच्या हाताला एका टोकाला दोन मिनिटं लागतात. दोनशे वायरी म्हणजे चारशे टोकं, म्हणजे तेरा तासांवर काम. नव्या हाताला याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि लागू द्यावा. गळीत हंगामाआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, साखर कारखान्यांची पॅनेल एकदम निघायची असतात तेव्हा सुपरवायझर घाई करतो. त्या दिवसांतली टोकंच नंतर जास्त वेळा परत येतात.

दीड-दोन महिन्यांनी माउंटिंग प्लेटवर काम मिळतं. ड्रॉईंगच्या संचात जीए (मांडणीचं ड्रॉईंग), पॉवरची आणि कंट्रोलची स्किम (जोडणीचं ड्रॉईंग), टर्मिनल तपशील आणि बीओएम (मालाची यादी) असतं. आधी बीओएमप्रमाणे माल टेबलावर मांडायचा आणि प्रत्येक वस्तूचा पूर्ण टाइप नंबर वाचायचा. यात सगळ्यात फसवा असतो काँटॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच. २४ व्होल्ट डीसी, ११० व्होल्ट एसी आणि २३० व्होल्ट एसी कॉइलचे काँटॅक्टर समोरून जवळपास सारखे दिसतात. कॉइलचं व्होल्टेज तिच्या दोन टोकांजवळ, ए१–ए२जवळ, बारीक अक्षरात असतं. २४ची कॉइल २३०वर गेली तर काही क्षणांत धूर. २३०ची कॉइल २४वर लावली तर काहीच होत नाही, आणि माणूस तासभर वायरिंग शोधत बसतो.

प्लेटवर आखणी करून पंच मारायचा, मग होल. टॅपसाठी (होलात आटे पाडण्यासाठी) एम४ला ३.३, एम५ला ४.२, एम६ला ५ मिमीचा ड्रिल. दोन मिमीच्या पत्र्यात एम४चे जेमतेम तीन आटे बसतात आणि एम६चे दोनच. म्हणून जड वस्तू, मोठा एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) किंवा ट्रान्सफॉर्मर, नुसत्या टॅपवर न लटकवता मागून नट लावा. सगळी होलं वस्तू बसवण्याआधी. प्लेट भरल्यावर एखादं होल राहिल्याचं लक्षात आलं, तर खालच्या काँटॅक्टरवर कापड आणि टेप लावल्याशिवाय ड्रिल चालवू नका. लोखंडाचा किस आत गेला की काँटॅक्टरचं चुंबक पूर्ण मिटत नाही, तो गुणगुणतो, आणि कॉइल तापून जाते. हवेच्या पाइपने फुंकून तो किस निघत नाही, उलट आत जातो. व्हॅक्यूम वापरा.

डिन रेल (वस्तू अडकवायची पट्टी) ३५ मिमीची. वस्तू सरकू नयेत म्हणून टर्मिनलच्या रांगेला दोन्ही टोकांना एंड क्लॅम्प लागतो, आणि उघड्या बाजूच्या शेवटच्या टर्मिनलला एंड प्लेट. ही एंड प्लेट विसरणं फार नेहमीचं आहे. तिच्याशिवाय टर्मिनलची आतली पट्टी उघडी राहते. ड्राइव्ह म्हणजे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर तिच्या वर-खाली हवेसाठी जागा मॅन्युअलमध्ये सांगितलेली असते. तिथे चॅनल घुसवून जागा वाचवू नये.

वायरिंगला पहिलं मिळतं ते डीओएल, म्हणजे मोटर थेट सप्लायवर चालू करणारा स्टार्टर. काँटॅक्टरवर १-३-५ला सप्लाय, २-४-६ खाली ओव्हरलोडला (जास्त करंट गेला की ट्रिप होणाऱ्या रिलेला). कंट्रोल फेज फ्यूजमधून येऊन ओव्हरलोडच्या ९५–९६ मधून, मग स्टॉप, मग स्टार्ट, आणि स्टार्टला समांतर १३–१४चं होल्डिंग (बटण सोडल्यावरही कॉइल धरून ठेवणारा काँटॅक्ट), मग ए१. न्यूट्रल ए२ला. ९५–९६ एनसी (एरवी मिटलेला), ९७–९८ एनओ (एरवी उघडा). ९७–९८ ट्रिपच्या दिव्यासाठी आहे. कॉइलच्या वाटेत ते घेतलं तर काँटॅक्टर उचलतच नाही. ही चूक निदान लगेच दिसते. होल्डिंगची वायर स्टॉपच्या अलीकडून, म्हणजे सप्लायच्या बाजूने घेतली तर मोटर चालू होते आणि स्टॉप दाबूनही थांबत नाही. टेस्टिंगला स्टॉप दाबून बघितलाच नाही, तर ही चूक साइटवर जाते.

स्टार-डेल्टाला (मोटर आधी स्टार जोडणीत, मग डेल्टात चालवणाऱ्या स्टार्टरला) दोन गोष्टी हाताने तपासायच्या. पहिली, इंटरलॉक. स्टार काँटॅक्टरचा एनसी डेल्टाच्या कॉइलमध्ये आणि डेल्टाचा एनसी स्टारच्या कॉइलमध्ये असतो. तो राहिला आणि दोन्ही एकत्र मिटले, तर तिन्ही फेज स्टारच्या पट्टीवर शॉर्ट होतात. सप्लाय नसताना स्टार काँटॅक्टर बोटाने दाबून धरा आणि डेल्टाच्या कॉइलची वाट मीटरने तुटलेली दिसते का बघा. मग उलट करून बघा. दुसरी, डेल्टाच्या बाजूला एकाच वाइंडिंगची दोन्ही टोकं एका फेजवर आलेली नसावीत. यू१ ज्या फेजवर, तिथे यू२ असता कामा नये. तसं झालं तर त्या वाइंडिंगला व्होल्टेजच मिळत नाही: स्टारमध्ये मोटर नीट फिरते आणि डेल्टाला गेली की मंदावते. ओव्हरलोड वाइंडिंगच्या वाटेत, म्हणजे मेन काँटॅक्टरच्या खाली, बसवला असेल तर तो मोटरच्या फुल लोड करंटच्या ०.५८ पटीवर सेट करायचा. ४० अँपिअरच्या मोटरला साधारण २३. पाटीवरचा ४० बघून ४०वर ठेवला, तर मोटर जळेपर्यंत तो ट्रिप होणार नाही.

रंग आपल्याकडे लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा आणि अर्थ हिरवा किंवा हिरवा-पिवळा. कंट्रोलला बहुतेक ठिकाणी राखाडी, पण ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये वेगळं असू शकतं, तेव्हा आधी विचारा. परदेशी मशिनच्या पॅनेलमध्ये निळा न्यूट्रल असतो. आपल्याकडे निळा म्हणजे बी फेज. दोन्ही प्रकारची पॅनेल एकाच शॉपमध्ये चालू असतील, तर सकाळी टेबल बदलल्यावर हे आठवून कामाला लागायचं.

२४ व्होल्टच्या वायरी ४१५ आणि २३०च्या चॅनलमधून नेऊ नका. ४–२० मिलिअँपिअरच्या सिग्नलची (सेन्सरच्या मापाची) शिल्डेड केबल तर वेगळीच ठेवायची, आणि तिची शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) सहसा एकाच टोकाला अर्थ करायची. पॅनेल साइटवर गेल्यावर लेव्हलचा आकडा मोटर चालू होताच उड्या मारतो, त्याचं कारण पुष्कळदा इथे असतं. डीसी रिलेच्या कॉइलवर डायोड असेल तर ए१ प्लस, ए२ मायनस. उलटं लागलं की डायोड सप्लाय शॉर्ट करतो आणि एसएमपीएस (डीसी देणारा पॉवर सप्लाय) लुकलुकत राहतो. चॅनल झाकण लावण्याइतकं भरायचं, पण गच्च नाही. जागा न ठेवलेल्या चॅनलमध्ये साइटवर एक वायर वाढवायची तरी दहा वायरी उपसाव्या लागतात.

डोअरच्या वायरी बिजागरीच्या बाजूने, स्पायरलमध्ये, दोन्हीकडे पक्क्या बांधून न्यायच्या. दार पूर्ण उघडल्यावर लूप ताणला जाऊ नये आणि बंद केल्यावर कडेत चिमटू नये. दार दहा वेळा उघड-बंद करून बघितल्याशिवाय टायची उरलेली टोकं कापू नका. डोअरला स्वतंत्र अर्थ वायर हवीच. बिजागरीवर रंग असतो, तिच्यावर अर्थिंगचा भरवसा ठेवता येत नाही. अर्थ बोल्टखालचा रंग खरवडा, किंवा दात्यांचा वॉशर वापरा.

आता आवळणं. काँटॅक्टर आणि एमसीबीच्या स्क्रूंवर फुलीच्या चार हातांमध्ये आणखी बारीक रेघा दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह असतो. त्याला पीझेड२चा बिट लागतो. साधा फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की वर सरकतो, स्क्रूचं डोकं खातो, आणि आपल्याला वाटतं आवळलं. टॉर्क वस्तूवर किंवा तिच्या पत्रकात छापलेला असतो. टर्मिनलच्या एम३ स्क्रूला अर्ध्या न्यूटन-मीटरच्या आसपास, लहान काँटॅक्टरला दीडच्या आसपास, एमसीबीला दोन ते अडीच. एका टर्मिनलमध्ये दोनच्या वर वायरी नकोत. तिसरी बसते, पण मधली ढिली राहते. लग न लावता फ्लेक्सिबल वायर दाबली तर तारा काही तासांत दबून जागा बदलतात आणि स्क्रू ढिला पडतो. लग लावण्याचं हे एक मोठं कारण. म्हणून पॉवरचे जोड दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉर्कने बघावेत. आवळलेल्या स्क्रूवर मार्करने रेघ मारतात. ही रेघ त्या स्क्रूला टॉर्क दिल्या क्षणी मारायची, शेवटी सगळ्या पॅनेलवर एका दमात नाही. एका दमात मारलेल्या रेघेखाली न आवळलेले स्क्रू निघाल्याचं आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

बसबारला (करंट नेणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्यांना) सहा महिन्यांत फारसा हात लागत नाही. एवढं माहीत असावं: कापलेल्या कडेची बर (धारदार कंगोरा) फाइलने काढायची, नाहीतर ती स्लीव्ह (वरची इन्सुलेशनची नळी) भोसकते. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट जोडायचं नाही, मध्ये बायमेटल (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला तुकडा) लागतं. आणि ४१५ व्होल्टच्या पॅनेलला फेज-फेज २५ मिमी व फेज-अर्थ १९ मिमी अंतर अनेक ग्राहक मागतात. नव्या माणसाने ठेवलेला एक लांब बोल्ट हे अंतर गमावतो.

टेस्टिंगला पॅनेल लावण्याआधी आपणच ड्रॉईंगवर हायलायटर फिरवत प्रत्येक वायर दोन्ही टोकांना वाचायची. मग मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणं), बहुधा ५०० व्होल्ट डीसी. त्याआधी ड्राइव्ह, पीएलसी (कंट्रोलचा संगणक), एसएमपीएस, मीटर सोडवलेले असायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थ लिंक काढलेली. चांगलं पॅनेल शेकडो मेगओहम दाखवतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच पॅनेल बरंच कमी दाखवू शकतं, कारण हवेतला ओलावा स्लीव्ह आणि इन्सुलेटरवर बसतो. स्पेस हीटर तासभर चालवून पुन्हा बघावं. आयईसी ६१४३९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ३०० च्या वर ६९० व्होल्टपर्यंतच्या पॉवर सर्किटला १,८९० व्होल्ट एसीची चाचणी असते, रूटीनला (प्रत्येक पॅनेलच्या चाचणीला) एक सेकंद. अनेक ग्राहक त्याहून जास्त मागतात. सोडवलेल्या वायरी या चाचणीनंतर कुठे परत लावायच्या याची चिठ्ठी ज्याने सोडवल्या त्यानेच लिहावी. मेगरनंतर उलट लागलेली एक वायर पीएलसीचं कार्ड घालवू शकते.

टेस्टरने काही बदलायला लावलं, तर तो बदल लाल पेनाने ड्रॉईंगवर त्याच वेळी चढवा. ट्रकवर चढवण्याआधी ग्लँड प्लेटचे (जिथून केबल आत येते त्या प्लेटचे) बोल्ट, दाराचं रबर, किल्ली, सिलिका जेलच्या पिशव्या बघायच्या. तळाशी पडलेल्या तारांचे तुकडे आणि कापलेले टाय हाताने वेचायचे, कारण वाटेतल्या धक्क्यांनी ते उडून कुठेही जातात. आणि लाल पेनाच्या खुणांची ड्रॉईंगची प्रत दाराच्या खिशात ठेवायची. साइटवर पॅनेल उघडणारा माणूस आधी तीच शोधतो.